न्यू जर्सी की बे एरिया? चार ऋतू सोडण्याआधी

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी दोन महिने एकच विषय चालू आहे. नवऱ्याला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या सॅन होजेत नोकरी मिळतेय आणि हिचा पाय न्यू जर्सीतून निघत नाही. पगार, घराचा हप्ता, शाळा, भारतात फोन करायच्या वेळा, सगळ्याचा तक्ता करून झालाय. हवामानाच्या रकान्यात नवऱ्याने लिहिलंय, ‘तिकडे मस्त’. मी २०११ ते २०२० न्यू जर्सीतल्या एडिसनला होते आणि तेव्हापासून सॅन होजेत आहे, म्हणून तिने मला विचारलं. हा रकाना दोन शब्दांत भरण्यासारखा नाही. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडते, कारण असाच निर्णय समोर असलेली बरीच मराठी घरं आहेत.

आधी आकडे. एडिसनच्या भागात जानेवारीच्या रात्री पारा उणे ५ च्या आसपास, जुलैच्या दुपारी ३० आणि वर दमटपणा. वर्षाला सुमारे १,२०० मिमी पाणी पडतं, तेही बाराही महिन्यांत वाटून. सॅन होजेत जानेवारीच्या रात्री ६, जुलैच्या दुपारी २८ आणि कोरडी हवा. पाऊस वर्षाला ४०० मिमीच्या आत, जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते मार्च या काळात. जून ते सप्टेंबर आभाळ कोरडं. म्हणजे तिकडे चार ऋतू आणि इकडे दोन. इकडच्या टेकड्या जानेवारीत हिरव्यागार असतात आणि मे-जूनपासून वाळून पिवळ्या पडतात. जूनमध्ये हिरवा होणारा सह्याद्री बघत वाढलेल्या डोळ्यांना हे उलटं वेळापत्रक पचायला दोन-तीन वर्षं लागतात.

न्यू जर्सीचं वर्ष

माझं बालपण चिपळूणजवळचं. मे महिन्यात आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी चालायची. लाकडं आत रचायची, कौलं परतायची, सुकी मासळी आणि मिरच्या भरायच्या, पुढच्या पडवीला झापं बांधायची. एडिसनला पहिल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता शेजारच्या आजी दार वाजवून आल्या. बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद कर, पाइप फुटतो. मिठाची पिशवी आणि फावडं आत्ताच आणून ठेव, बर्फ पडायच्या आदल्या दिवशी दुकानात मिळत नाही. गाडीच्या काचेचं पाणी न गोठणारं भर. मला एकदम घरी असल्यासारखं झालं. ही आगोटच होती, फक्त पावसाऐवजी बर्फाची.

चार ऋतूंच्या प्रदेशाबद्दल लोक फॉलच्या रंगांचं बोलतात, आणि ते रंग खरेच बघण्यासारखे आहेत. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून आत घेतं, मग आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलचा लाल रंग मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारी थंडी नाही, असा आठवडा मिळाला की लाल जास्त खुलतो. मध्य न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे चालतं, वायव्येच्या डोंगरांत, डेलावेअर वॉटर गॅपकडे, थोडं आधी. शाळेत ‘शिशिर म्हणजे पानगळ’ असं पाठ केलेलं, ते मला कळलं तिथे.

पण माझ्या मते न्यू जर्सीचा खरा ठेवा एप्रिल आणि जून हे महिने आहेत. मार्चअखेर निष्पर्ण काटक्यांवर फोर्सिथियाची पिवळी फुलं येतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मेपल होता. आधी त्याला बारीक लाल फुलं यायची, लांबून झाडावर लाल धूर बसल्यासारखा दिसे. मग पानं उघडायची, पण सपाट नाही. निऱ्या घातल्यासारखी चुणीदार, ओली, लोंबती, आणि आठ दिवसांत ताठ. गुढीपाडव्याच्या सुमारास हे खिडकीबाहेर घडताना बघणं म्हणजे चैत्रपालवी शब्दाचा अर्थ डोळ्यांनी वाचणं. न्यूअर्कच्या ब्रांच ब्रूक पार्कात चेरीची पाच हजारांहून अधिक झाडं आहेत, वॉशिंग्टनपेक्षाही जास्त. बहर आठवडाभराचा, मध्ये एक वारा-पाऊस आला की संपला. म्हणून लोक रजा टाकून जातात.

जूनच्या मध्यावर संध्याकाळी साडेआठच्या पुढे हिरवळीवर काजवे उठतात. घराच्या मागेच, भंडारदऱ्याला जावं लागत नाही. रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला असे लुकलुकणारे काजवे विरळाच, कॅलिफोर्नियात मला पाच वर्षांत एकही दिसला नाही. जुलैत दुपारभर उकडतं, पाचच्या सुमारास आभाळ काळं होतं, गडगडाट, तासभर धो धो पाऊस आणि मग मातीचा वास. मराठी माणसाला पावसाची आठवण छळत असेल, तर या दोन्हींत त्याच्या जवळ जाणारं ठिकाण न्यू जर्सीच आहे. इथल्या सॅन होजेच्या पावसात गडगडाट क्वचितच, आणि तो थंडीत येतो. भजी खावीशी वाटतात, भिजावंसं वाटत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. मध्य न्यू जर्सीत वर्षाला सरासरी ७० सेंमीच्या आसपास बर्फ पडतो, पण सरासरीवर विसंबू नका. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यूअर्कला एका दमात दोन फुटांच्या आसपास पडला, तर २०२२-२३ च्या हिवाळ्यात जवळजवळ पडलाच नाही. पहिल्या दिवशीचा बर्फ सुंदर असतो, चौथ्या दिवशी रस्त्याकडेला काळपट ढीग उरतात. खरा जीव खातो तो फेब्रुवारी. रंग नाही, ऊन नाही, मुलं घरात, सगळ्यांना खोकला. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती आणि हीटिंग बंद. मुलीला आम्ही तीन रजयांत झोपवलं होतं.

बे एरिया काय देतं

मोकळीक. इथे आल्यावर पहिल्या जानेवारीत आम्ही रोज संध्याकाळी फिरायला गेलो, एका स्वेटरवर. शेजाऱ्यांच्या झाडाला लिंबं लगडलेली असतात आणि ते पिशवी भरून देतात. फेब्रुवारीत मॅग्नोलिया आणि प्लम फुलतात, न्यू जर्सीत लोक फावडं घेऊन उभे असतात तेव्हा. इथे फॉल नाही हे खरं नाही. गिंको आणि पिस्ताशची झाडं नोव्हेंबरात गल्लीच्या गल्ली पिवळी-तांबडी करतात. फरक इतकाच की इथे रंग रस्त्यापुरता असतो, डोंगरभर नाही. बर्फ हवा असेल तर टाहोला जायचं, गाडीने चारेक तास, खेळायचं आणि तो तिथेच सोडून यायचं.

एक गोष्ट घर घेण्याआधी नक्की समजून घ्या. ‘बे एरियाचं हवामान’ असं एक काही नसतं. जुलैच्या एकाच दुपारी सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रावरच्या धुक्यामुळे १६ अंश, सॅन होजेत २८ आणि डोंगरापलीकडे लिव्हरमोरला ३५ असू शकतं. लिव्हरमोरकडच्या ट्राय-व्हॅलीत घर स्वस्त मिळालं म्हणून घेतलेल्यांचा उन्हाळा वेगळा असतो.

कढीपत्त्यावरून दोन्ही ठिकाणांमधला फरक सगळ्यात चांगला सांगता येतो. एडिसनला माझी कुंडी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्री १० अंशांच्या खाली जायला लागल्या की आत यायची. दक्षिणेची खिडकी, तरी हीटिंगच्या कोरड्या हवेने पानं गळायची, देठांवर खवले कीड चिकटायची, ती मी कापसाच्या बोळ्याने एकेक पुसून काढायचे. मेच्या मध्यावर परत बाहेर, तेही पहिला आठवडा सावलीत, नाहीतर कोवळी पानं करपतात. पाच महिन्यांत जी पालवी येई ती सात महिन्यांत जाई. इथे कुंडी बाराही महिने अंगणात आहे, डिसेंबर-जानेवारीच्या चार-सहा रात्री जुनी चादर टाकते, बस. झाड माझ्या खांद्याला लागलंय. फोडणीला हात बाहेर घातला की पानं. तिकडचं झाड मात्र आणता आलं नाही. लिंबाच्या जातीवर पडणाऱ्या किडीमुळे अशी रोपं बाहेरून कॅलिफोर्नियात आणायला बंदी आहे. ते मी त्या मैत्रिणीलाच देऊन आले.

आणि आता बे एरियाचा तो ऋतू ज्याचं नाव कुणी घेत नाही. आम्ही जुलै २०२० मध्ये आलो, आणि ९ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता आभाळ नारिंगी होतं, घरात दिवे लावलेले. वणव्यांचा धूर वर होता आणि खाली धुकं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅरडाइज गावाच्या आगीचा धूर इथे जवळजवळ दोन आठवडे राहिला होता. प्रत्येक वर्षी असं होत नाही, पण ऑगस्ट ते ऑक्टोबर सकाळी उठून हवेचा निर्देशांक बघायची सवय लागते. सप्टेंबर २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत सॅन होजेत पारा ४२ च्या वर गेला आणि आमच्या भाड्याच्या घरात एसी नव्हता. भूकंप आहेच; हेवर्डचा भ्रंश, म्हणजे जमिनीतली भेग, फ्रीमाँट, हेवर्ड, बर्कली अशा भर वस्तीखालून जातो.

त्यामुळे इथेही दाराशी एक पिशवी भरून ठेवायची असते. पाणी, कागदपत्रं, औषधं, विजेरी. पण ती आगोट नव्हे. आगोट येणाऱ्या गोष्टीची असते, ही पिशवी ते येऊच नये म्हणत भरायची. मला न्यू जर्सीचं सगळ्यात जास्त काय आठवतं तर तो ऑक्टोबरचा शनिवार, कपाटातले स्वेटर खाली आणि सुती कपडे वर जाण्याचा. सॅन होजेत माझं कपाट पाच वर्षांत हललेलं नाही.

सण, आई-वडील, पैसा

गणपती दोन्हीकडे छान. दिवाळीत न्यू जर्सीला पणत्या वाऱ्याने विझतात आणि रांगोळी गॅरेजमध्ये काढावी लागते, पण दिवाळी घड्याळं मागे गेल्यावर आली तर पाचलाच अंधार होतो, त्या अंधारात आकाशकंदील जसा दिसतो तसा इथे दिसत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिकडे काठपदराखाली स्नोबूट. इथे अंगणात सतरंजी टाकून बोरनहाण होतं.

आई-वडील सहा महिने येऊन राहणार असतील तर मात्र माझं मत स्पष्ट आहे. २०१५ च्या मार्चमध्ये माझी आई आली होती. डांबरावर दिसतंय ते पाणी की बर्फाचा पातळ थर, हे तिला कळण्यासारखं नव्हतं. ड्राइव्हवेवर घसरली, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्याआधीही ती पंधरा दिवस खिडकीशीच बसून होती. इथे ती जानेवारीत एकटी बागेत जाते, तिथे तिला तिच्या वयाच्या बायका भेटतात, दहाला परत येते. न्यू जर्सीत राहायचं असेल तर त्यांना एप्रिलअखेर बोलवा आणि ऑक्टोबरात पाठवा.

पैशाचं थोडक्यात. तिकडे हीटिंग, बर्फ काढणारा, छपराच्या पन्हळींतली पानं, हे खर्च ऋतूंचे, आणि घरपट्टी देशातल्या सगळ्यात जड घरपट्ट्यांपैकी. इकडे १९७८ च्या कायद्याने घरपट्टीचं मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, पण घराची किंमतच इतकी की तो दिलासा पुढे कधीतरी जाणवतो. वीज महाग आहे, आणि टेकड्यांजवळ घराचा विमा मिळेल का हे किंमत ठरवायच्या आधी विचारा.

मैत्रिणीला मी सांगितलं ते असं. मुलं लहान, आई-वडील भारतात धडधाकट, आणि दोघांपैकी कुणालाही थंडीत उदास व्हायला होत नसेल, तर न्यू जर्सी सोडायची घाई करू नका. म्हातारं माणूस घरात असेल किंवा काळोख्या दिवसांत मन खाली जात असेल, तर इकडे या. दम्याचं मात्र दोन्हीकडे बघावं लागतं, तिकडे एप्रिल-मेचे परागकण, इकडे धूर.

आणि एक करा. न्यू जर्सीचा अंदाज ऑक्टोबरात घेऊ नका आणि बे एरियाचा फेब्रुवारीत घेऊ नका, तेव्हा दोन्ही गावं नटलेली असतात. तिकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस काढा, इकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला. मैत्रीण नवऱ्याला आणि मुलीला घेऊन सप्टेंबरात माझ्याकडे येतेय. मी पंखे आणि हवा गाळायचं यंत्र काढून ठेवलंय.