क्राउडफंडिंगचा मंच की स्वतःचा क्यूआर : छोट्या संस्थेने काय धरावं?

आमच्या वाचनालयासाठी आम्ही दोनदा पैसे उभे केले. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली जुनी चिऱ्याची इमारत. पहिल्यांदा कौलं आणि वासे बदलायचे होते, तेव्हा एका मोठ्या क्राउडफंडिंग मंचावर, म्हणजे इंटरनेटवर अनेकांकडून देणग्या गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर, मोहीम चालवली. दुसऱ्यांदा मुलांसाठी अभ्यासिका करायची होती, ती संस्थेच्या खात्याचा क्यूआर आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढ्यावरच केली. दोन्ही वेळा खजिनदार मीच होतो. डिचोली आणि पेडण्याकडच्या दोन संस्थांनी अलीकडेच विचारलं, तुम्ही काय केलंत? त्यांना फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

मंचाचं श्रेय आधी देतो. आपलं गाव ज्यांनी नकाशातही पाहिलेलं नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचतो. बंगळूर, हैदराबादहून आम्हाला पैसे आले. जमलेला आकडा पानावर दिसतो, त्यामुळे मागून येणाऱ्याला विश्वास वाटतो. कुणाचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलंय, अशी वेळ असेल तर मी आजही मंचच सुचवीन. शुल्काबद्दल फार लिहीत नाही. काही ठिकाणी टक्केवारी असते, काही ठिकाणी देणगीदाराकडूनच वरची ‘टिप’ मागतात. करारात दोन्ही वाचा आणि पैसे खात्यात कधी येणार तेही विचारून घ्या.

माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. मोहीम संपत आली असताना एका रात्री पंचवीस हजार रुपये आले. आमच्यासाठी ती सगळ्यात मोठी देणगी होती. खाली एकच ओळ लिहिलेली : ‘माझी आई लग्नाआधी तुमच्याकडून पुस्तकं न्यायची.’ नावाच्या जागी फक्त ‘हितचिंतक’. कोण असेल? आम्ही जुनी वर्गणीची रजिस्टरं काढली, साठच्या आणि सत्तरच्या दशकातल्या मुलींची नावं वाचली, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. शेवटी मंचाला मेल केली : नाव सांगू नका, पण आमचं पत्र तरी त्यांच्यापर्यंत पोचवा. नियमाचा हवाला देणारं ठरावीक उत्तर आलं. त्यांचाही नाइलाज असेल, देणगीदाराने नाव झाकायला सांगितलं तर ते झाकलंच पाहिजे. पण ज्यांनी नाव झाकलं नव्हतं, त्यांचीही आम्हाला नुसती नावंच मिळाली. फोन नाही, पत्ता नाही. आभाराची मेल मंचाच्या नावाने गेली. नवी कौलं चढली तेव्हा फोटो कुणाला पाठवायचा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा पैसे लागले तेव्हा आमच्या हातात एकही माणूस उरला नव्हता.

गोव्यात राहून ही चूक व्हायला नको होती, असं मला तेव्हापासून वाटतं. आपली देवस्थानं कुळाव्यांना, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्या घराण्यांतल्या लोकांना, धरून राहिली आहेत. कुळावी मुंबईला असो की कारवारला, जत्रेची पत्रिका त्याच्या घरी जाते, आणि तो येतो तेव्हा त्याला त्याच्या घराण्याच्या नावाने ओळखणारं कुणीतरी तिथे असतं. देणं त्या ओळखीतून होतं.

दुसऱ्या वेळी म्हणून चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, मुहूर्त धरला, कारण तेव्हा बाहेरगावचे सगळे घरी असतात. क्यूआर छापला आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलं : ‘पैसे पाठवल्यावर आपलं नाव, गाव आणि वाडा या नंबरवर कळवा.’ ही ओळ विसरू नका. बँकेच्या उताऱ्यातून नाव कळेल, माणूस कळणार नाही. नुसता क्यूआर मंचाइतकाच मुका असतो. ज्यांनी कळवलं त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन केला. अनोळखी देणगीदार जवळजवळ नव्हतेच आणि रक्कमही सावकाश जमली, हे मान्य करतो. पण टेबलं आली तेव्हा फोटो कुणाला पाठवायचा हे ठाऊक होतं, आणि पुढच्या चवथीला त्यातले बरेच जण न सांगता आले. एकाने तर मुलाला घेऊन येऊन त्याच टेबलावर बसवलं.

कष्ट मात्र वाढतात. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, असेल तर २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला देणं आणि त्यांना प्रमाणपत्र देणं संस्थेकडे आलं, म्हणजे पॅन मागणं आलं. पहिल्याच फोनवर मागू नका, लोक बिचकतात. आधी पुस्तकांविषयी बोला. रोख देणारे अजून आहेत, त्यांना सांगून ठेवा की २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. नव्या करपद्धतीत गेलेल्यांना तर ती मुळातच नाही, तेव्हा पत्रकात सवलतीचा गाजावाजा करण्यात फारसं हशील नाही.

गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घरटी कुणीतरी परदेशात असतं, आणि त्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले खूप आहेत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी त्यांचा पैसा परदेशी देणगीच ठरतो आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, असल्याशिवाय तो घेता येत नाही. आखातातला भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो, त्याला ही आडकाठी नाही. इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या अशाच एका माजी वाचकाला मला नाही म्हणावं लागलं, आणि ते फार जड गेलं. फोनवर बोलणं झालं म्हणून निदान कारण तरी सांगता आलं.

तुमची गरज एकदाची आणि तातडीची असेल, तर मंच वाईट नाही. दरवर्षी दार उघडं ठेवायचं असेल, तर मी क्यूआर आणि देणगीदारांच्या नावांची वही यांच्याकडे झुकेन. खातं संस्थेच्या नावाचंच असू द्या, स्कॅन केल्यावर तेच नाव दिसतंय ना ते पाहा, आणि भिंतीवरच्या कोडावर दुसऱ्या कुणी आपला चिकटवलेला नाही ना, हे रोज दार उघडताना तपासा. फोन करणारा माणूस मात्र आधी ठरवा. तो मिळत नसेल तर क्यूआर छापायची घाई करू नका.