आरडी विकायचीय: आहे तशी, की काम करून?

गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. घरात राजदूत ३५०, म्हणजे आरडी, पडून आहे, चालवणारं कुणी उरलेलं नाही, काम बरंच निघालंय. आधी नीट करून घेऊन विकावी, की आहे तशी द्यावी? मी दोन आरडी विकल्या आहेत. एचटी (हाय टॉर्क, आधीचं मॉडेल) २०१९ मध्ये, सगळं काम करून. एलटी (लो टॉर्क, नंतरचं मॉडेल) २०२३ मध्ये, ताडपत्री काढली तेव्हा जशी होती तशीच. म्हणजे माझा अनुभव दोनच गाड्यांचा आणि तोही कोल्हापुरातला. तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक वेगळं असू शकतं, हे धरून पुढचं वाचा.

एचटी १९८४ ची. माझ्याकडे सोळा वर्षं होती आणि पन्हाळ्याच्या चढावर तिनं मला जे दिलं ते नंतरच्या कुठल्याच गाडीनं दिलं नाही. विकायचं ठरलं तेव्हा डावं क्रँक सील, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या टोकाचं रबरी सील, गेलेलं होतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली यायची नाही, बाहेरची हवा ओढून इंजिन आपलं वरच तरंगत राहायचं. क्लचकडचं सीलही शेवटच्या घटका मोजत होतं, गिअरचं ऑइल ओढून मागे पांढरा धूर. आता सील म्हणजे नुसतं सील नव्हे, हे आरडीवाल्यांना सांगायला नको. त्यासाठी इंजिन खोलायचं, इंजिन खोललं की क्रँक हातात येतो, क्रँक हातात आला की कनेक्टिंग रॉडचा खुळखुळा कळतो. उद्यमनगरात क्रँक दाबून उघडला, नवी किट घातली, सेंटरवर डायल लावून सरळ केला. सिलिंडरचा बोअर घासून अर्धा मिलिमीटर मोठा, म्हणजे ०.५० वर गेला. पिस्टनसाठी दोन महिने थांबलो. आणि एवढं केलंच आहे तर रंगही होऊ दे, असं म्हणून चासी सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला दिली. सगळं मिळून अकरा महिने गेले.

काम करून विकण्याचा मोठा गुण मी मान्य करतो. गाडी स्वतः बोलते. दुसऱ्या किकला चालू होऊन ती सहा हजारांच्या पुढे जो आवाज देते, तो ऐकल्यावर माणूस भावाची घासाघीस करायचं अर्धं विसरतो. फोनही भरपूर येतात. ज्याला लगेच चालवायची आहे, ज्याच्याकडे ना मिस्त्री ना वेळ, असा माणूस तयार गाडीच घेतो आणि पैसेही बरे देतो.

पण आहे तशीच विकावी, या निर्णयाला मला आणलं ते चासी नंबरानं.

सांगलीचे एक गृहस्थ आले, गाडी आवडली, इसार देऊन गेले. आरसीची मुदत त्याच वर्षी संपत होती, म्हणून आधी नूतनीकरण करून मग नावावर करायचं ठरलं. गाडी आरटीओच्या तपासणीला, म्हणजे पासिंगला नेली. निरीक्षकांनी हँडल वळवलं, मानेवर बोट फिरवलं आणि विचारलं, “नंबर कुठाय?”

नंबर होता, पण दिसत नव्हता. पावडरचा जाड काळा थर पंचाच्या खाचांत भरून बसला होता. पेन्सिलीचा ठसा घ्यायला कागद धरला तर कागदावर नुसता गुळगुळीत करडा पट्टा उमटला. कोटिंगला देताना नंबरावर टेप लावा एवढं सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही लावली नाही. निरीक्षकांनी गाडी परत पाठवली, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

पुढचं जास्त जिवावर आलं. नंबराजवळ कानस किंवा पातं लावता येत नाही. लोखंडावर ओरखडा दिसला की नंबर खोडून पुन्हा पंच केल्याचा संशय येतो आणि तो संशय धुऊन निघत नाही. म्हणून कापसानं पेंट रिमूव्हर लावायचा, वाट बघायची आणि बांबूच्या काडीनं खाचेतला थर उचलायचा. तीन संध्याकाळी मी ओसरीत बसून हे करत होतो. दोन महिन्यांपूर्वी ज्या चकचकीत रंगाचे पैसे मोजले होते, तो काडीनं कणाकणानं काढत होतो. नंबर वर आला, तर सँडब्लास्टिंगनं कडा बोथट झालेल्या. एक ३ आहे की ८, हे भिंगातूनही ठरेना. तिसऱ्या फेरीला जुनं आरसी बुक, इंजिन नंबर आणि उन्हात तिरप्या उजेडात काढलेले फोटो दाखवल्यावर काम झालं. तोवर सांगलीकर इसार परत घेऊन गेले होते. ते वाईट बोलले नाहीत, पण “नंबराचं आम्हाला टेन्शन नको,” हे त्यांचं वाक्य मला लागलं. सोळा वर्षं सांभाळलेली स्वच्छ कागदांची गाडी, आणि तिच्यावर असा संशय.

त्यानंतर आलेल्या प्रत्येकानं नवा रंग बघून आधी एकच विचारलं: खाली काय आहे? चासीला वेल्डिंग आहे का, टाकीला पुटी किती, इंजिन कुणी खोललं. बिलं दाखवली, जुने पार्ट पिशवीत ठेवले होते तेही दाखवले. तरी ज्यानं शेवटी घेतली त्यानं सांगूनच टाकलं की मी माझ्या मिस्त्रीकडून परत खोलून बघणार. म्हणजे ज्या कामासाठी मी अकरा महिने घातले, त्याची किंमत त्याच्या हिशेबात फारशी नव्हतीच. काम काढायच्या आधी मला ९० हजारांची मागणी आली होती. ८५ हजार खर्च करून विकली १ लाख ६० हजारांना. वजाबाकी तुम्हीच करा.

एलटीच्या वेळी मी फक्त तीन गोष्टी केल्या. प्लग काढून दोन्ही भोकांतून थोडं टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल सोडलं आणि किक हातानं हळूहळू दाबून इंजिन फिरतंय एवढं पाहिलं. टाकीतलं सडलेलं पेट्रोल काढलं. आणि नंबरावरची घाण रॉकेलच्या फडक्यानं पुसली. चालू करायचा प्रयत्न मुद्दाम केला नाही. बराच काळ बंद असलेलं टू स्ट्रोक इंजिन, ऑटोल्यूबचा (इंजिनाला आपोआप ऑइल देणारा) पंप ऑइल सोडतोय की नाही माहीत नाही, अशा वेळी एका किकच्या मोहात पिस्टन धरून बसायचा.

जाहिरातीत सगळं लिहिलं. बंद आहे, सील गेली असणार, पत्र्याला गंज, सीट फाटकी. पण दोन्ही मिकुनी कार्ब्युरेटर मूळचे, मीटर मूळचे, साइड पॅनेल मूळची, सायलेन्सर मूळचे, रंग कंपनीचा, इंजिन माझ्या हाती आल्यापासून न खोललेलं. साताऱ्याहून एक तरुण त्याच्या मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री काही न बोलता गुडघ्यावर बसले, टॉर्च मारला, नंबर वाचला, आरसीशी ताडला, मग इंजिनवरचा वाचला. क्रँककेसच्या जोडावर नखानं खरवडून पाहिलं, बोल्टांच्या कोपऱ्यांकडे पाहिलं. उठून त्या मुलाला म्हणाले, “हात लागलेला नाही. घे.” १ लाख ३५ हजार ठरले, टेम्पोत चढवून नेली. घासाघीस झाली ती पाच हजारांची.

दोन्ही आकडे शेजारी ठेवू नयेत हे खरं. मध्ये चार वर्षं गेली, आरडीचे भाव चढले, आणि एचटीला एलटीपेक्षा मान जास्त. तरीही मला वाटतं, आरडी शोधणाऱ्यातले बरेच जण काम करायलाच गाडी घेतात. त्यांना त्यांचा रंग, त्यांचा मिस्त्री, सिलिंडरच्या वाटा घासून केलेला त्यांचा पोर्ट हवा असतो. आपण केलेलं काम त्यांना नको असतं. आपण न घालवलेले मूळ पार्ट हवे असतात.

एका बाबतीत मात्र माझा कल बदलतो. माझ्या एलटीचं नूतनीकरण २०२० मध्ये वेळेवर झालं होतं, ती विकली तेव्हा आरसी २०२५ पर्यंत जिवंत होती. तुमची मुदत संपली असेल तर बंद गाडी पासिंग होत नाही आणि मेलेल्या कागदांची आरडी कवडीमोलानं जाते. २०२२ च्या एप्रिलपासून दुचाकीला उशिराचा दंडही महिन्याला ३०० रुपये झाला आहे. तेव्हा गाडी पायावर उभी राहील इतकं काम करा: सील, ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर. पर्यावरण कर भरा, विमा काढा. जुन्या तीन अक्षरी नंबराची गाडी आरटीओच्या संगणकावर दिसत नसेल तर बॅकलॉग एंट्री करून घ्या, त्याला फेऱ्या पडतात. रंगाला हात लावू नका.

सुटे भाग करून विकण्याचा सल्लाही कुणी देईल, आणि पार्टांची बेरीज कदाचित जास्त भरेलही. मला ते पटत नाही. नंबर आणि कागद भलत्या गाडीला लागण्याची भीती तर आहेच, शिवाय १९९० च्या आसपास बनायची थांबलेली गाडी आपल्या हातानं एकानं कमी करायची.

विकायची त्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, कोऱ्या फॉर्मवर नुसत्या सह्या देऊन गाडी सोडू नका. आणि आजच, निर्णय व्हायच्या आधी, रॉकेलचं फडकं घेऊन हँडलखालची मान पुसा, सकाळच्या तिरप्या उन्हात नंबराचा जवळून फोटो काढून ठेवा.