नंबर मीच सांगितला होता

दुकानदाराने मला फसवलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा मॉडेल नंबर त्याला मीच सांगितला होता. त्याने फक्त मान डोलावली.

एका पतसंस्थेत एकतीस वर्षं अंतर्गत तपासनीस म्हणून काढली. पक्कं बिल जोडलेलं नसेल तर चहाच्या व्हाउचरवरही सही केली नाही, त्यापायी दोन मॅनेजरांशी वाकडं घेतलं. तोच मी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, २,६०० रुपये मोजून हातात वहीच्या कागदाचा चिटोरा घेऊन डोंबिवलीला परतलो. घरात अजून कुणी भाजीवाल्याला पैसे द्यायला निघालं की बायको विचारते, "बिल घेणार ना?"

लॅपटॉप २०१२ सालचा, डेलचा लॅटिट्यूड ई६४३०. वजनाने पाट्यासारखा, पण कीबोर्ड असा की हात दुसऱ्या कशावर बसत नाही. एसएसडी टाकून घेतलीय, रॅम ८ जीबी आहे. दोन सोसायट्यांचे हिशेब मी त्याच्यावर टॅलीत लिहितो, तेवढ्यासाठी नवा घ्यायची गरज नव्हती. अडचण फक्त वायफायची होती. घरी फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आलं. मुलीच्या फोनवर ९५ दिसायचे आणि माझ्या लॅपटॉपवर १२, कधी १५, संध्याकाळी सातनंतर तर ४.

कारण समजायला फार हुशारी लागत नाही. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतं, आणि लॅपटॉपमधलं मूळ कार्ड फक्त २.४ वर चालणारं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत एका मजल्यावर सहा बिऱ्हाडं, प्रत्येकाचा राउटर, समोरच्या विंगचे वेगळे. माझ्या यादीत एका वेळी सव्वीस नावं मोजली आहेत. सगळे त्या तीन गल्ल्यांतून गाड्या काढणार, वर त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हचीही गर्दी. ५ गिगाहर्ट्झचा रस्ता बराच मोकळा. भिंती ओलांडताना तो दमतो खरा, पण आमचा राउटर हॉलमध्ये आणि माझं टेबलही हॉलमध्येच. म्हणजे हवं होतं फक्त ५ गिगाहर्ट्झ पकडणारं कार्ड.

आधी ऑनलाइन यूएसबीच्या खाचेत लावायचं वायफायचं एक बोंडूक मागवलं, खोक्यावर '६००' असं ठसठशीत. ते चालायचं, पण लॅपटॉप हलवला की निसटायचं, म्हणून मुलीला देऊन टाकलं. त्या आकड्याची गंमत मात्र कळली. ६०० म्हणजे २.४ वरचे १५० आणि ५ वरचे ४३३ यांची बेरीज, तीही वर ओढून. १२०० असेल तर ३०० आणि ८६७. आणि असं बोंडूक एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतं, त्यामुळे ती बेरीज प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. आमच्या ताळेबंदात कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा केला असता.

मग आठ दिवस वाचन केलं. लॅपटॉपच्या पोटात हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसतं, नव्या लॅपटॉपमधलं एम.२ कार्ड त्यात बसत नाही. या जुन्या खाचेसाठी लोक इंटेलचं ७२६० सुचवत होते. आकडा पाठ केला, सात-दोन-सहा-शून्य. एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात शिरून ऐटीत म्हणालो, "इंटेल का ७२६० चाहिए, हाफ साइज."

काउंटरमागचा माणूस पस्तिशीचा, चेहरा हसरा. त्याने खणातून एक कार्ड काढून तळहातावर ठेवलं. बिस्किटाच्या अर्ध्या तुकड्याएवढं. त्यावर पांढरं लेबल, इंटेलचं नाव, ७२६० आणि खाली 'एसी', म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर चालणारा वायफायचा प्रकार. "अंकल, ओरिजिनल पीस है. लगा के देता हूँ." कार्डाचे १,८००, बसवायचे ३००. मग लॅपटॉप उलटा करून त्याने खालचं लेबल वाचलं, चेहरा जरा गंभीर केला आणि म्हणाला, "इसमें बायोस लॉक आता है. अनलॉक का पाचसौ अलग."

इथे मी खरा गेलो. बायोस म्हणजे मशिन सुरू करणारी मूळ आज्ञावली, आणि तिच्यातल्या लॉकची भानगड खोटी नाही. त्या काळच्या लेनोवो आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत मंजूर कार्डांची यादी बायोसमध्येच भरलेली असे, आणि यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशिन सुरू होतानाच अडून बसे. हे मी आदल्या आठवड्यातच वाचलेलं. त्यामुळे त्याचा शब्द ऐकून संशय यायच्या ऐवजी मला बरंच वाटलं, की चला, माणूस जाणकार आहे. लॅटिट्यूडमध्ये अशी यादी नसते, एवढी एक ओळ वाचायची राहिली होती. काहीच माहीत नसतं तर मी विचारलं असतं की हे काय, कशासाठी. अर्धवट माहीत होतं म्हणून समजूतदारपणे मान हलवली.

लॅपटॉप पडद्याआड गेला. वीस मिनिटं मी स्टुलावर बसून समोरचा पंखा बघत होतो. आत का गेलो नाही, समोर उघडा असं का म्हटलं नाही? भिडस्तपणा, दुसरं काय.

लॅपटॉप परत आला तो चालू स्थितीतच. वायफायची यादी उघडलेली, सगळ्यात वर एक नाव, त्याच्या शेवटी '५जी', म्हणजे ५ गिगाहर्ट्झची खूण. त्याने त्यावर टिचकी मारली, व्हिडिओ लावला, भराभर चालला. "देखो, फाइव्ह जी पकड़ लिया." मी बघितलं. यादीत ५जी दिसत होतं, अजून काय पाहिजे?

नेटवर्कचं नाव हे फक्त नाव असतं. घरावर 'लक्ष्मी निवास' लिहिलं म्हणून आत लक्ष्मी असते असं नाही, तसं. २.४ वरच्या राउटरला '५जी' नाव द्यायला अर्धा मिनिट पुरतो. हे आज लिहितोय इतक्या सहज तेव्हा सुचलं नाही.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावावा लागेल, १८ टक्के, कशाला उगाच? वहीचं पान फाडून वर 'एस्टिमेट' लिहिलं, खाली 'वायफाय कार्ड १, फिटिंग, सर्व्हिस', बेरीज २,६००. दुकानाचं नाव नाही, कार्डाचा नंबर नाही. यूपीआयने पैसे दिले तेव्हा पडद्यावर दुकानाच्या पाटीवरचं नाव न येता कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव आलं होतं, तेही मी वाचलं आणि पुढे पिन टाकला. वॉरंटीचं विचारलं तर 'चेकिंग वॉरंटी', म्हणजे दुकानात चाललं की संपली. जुनं कार्ड राहिलंच. मागायचं सुचलं ते दादरच्या पुलावर.

घरी आमच्या राउटरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक ५जी जोडलेलं. लॅपटॉपवर साधं तेवढं दिसत होतं. मला वाटलं राउटरच बिघडला. इंटरनेटवाल्या मुलाला दोनदा बोलावलं, जरा आवाजही चढवला. त्याने स्वतःच्या फोनवर ५जी जोडून दाखवलं आणि काही न बोलता गेला. त्या पोराची मी नंतर माफी मागितली.

रविवारी भाचा आला. त्याने लॅपटॉपमधल्या भागांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथे लिहिलं होतं 'इंटेल वायरलेस-एन ७२६०'. मी म्हटलं, बघ, इंटेल आहे, ७२६० आहे. तो म्हणाला, "मामा, ड्युअल बँड कुठंय यात? आणि एसी?"

तर ७२६० नावाची तीन भावंडं आहेत. एसी ७२६०, जी दोन्ही पट्टे पकडते आणि ८६७ एमबीपीएसपर्यंत जाते. मधली ड्युअल बँड एन, दोन्ही पट्टे पण वेग ३००. आणि धाकटी नुसती एन, जिला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. तिघींचं अंग सारखं, खाच सारखी, आकडा सारखा. बदलतं ते आकड्यामागचं शेपूट.

मग भाच्याने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एक हुकूम टाइप केला, 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स'. उत्तरात 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' अशी ओळ येते. तिच्यात ८०२.११ (हे वायफायचं तांत्रिक नाव) बी, जी, एन एवढंच होतं. ५ गिगाहर्ट्झच्या कार्डाला तिथे 'ए' किंवा 'एसी' दिसायला हवं. दहा सेकंदांचं काम. दुकानात, पैसे द्यायच्या आधी करता येण्यासारखं.

एक गोष्ट त्याला अजून खटकत होती. स्टेटसच्या खिडकीत वेग ७२ दाखवत होता. दोन अँटेना लागलेल्या असतील तर २.४ वर निदान १४४ दिसावेत, म्हणाला. मशिन बंद करून, बॅटरी काढून खालचं झाकण उघडलं. कार्डावर दोन बारीक पितळी टिकल्या असतात, त्यांवर अँटेनाच्या वायरींची टोपणं बसतात, मसुराच्या दाण्याहून लहान. पांढरी वायर जागेवर होती. काळीचं टोपण तुटलेलं, आणि उघडं टोक सेलोटेपने बाजूच्या पत्र्याला चिकटवलेलं. सेलोटेपच्या खाली कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. ही टोपणं सरळ वर उचलायची असतात, आडवी ओढली की जातात, आणि फार वेळा काढ-घाल सोसतही नाहीत. ओढणाऱ्याला ते तुटलेलं कळलं होतं, म्हणून तर टेप.

भाच्याने कार्ड काढून उजेडात धरलं, लेबलाच्या कोपऱ्याखाली नख घातलं. पांढरं लेबल अलगद सुटून आलं, पोस्टाच्या जुन्या तिकिटासारखं. खाली दुसरं लेबल, जरा पिवळटलेलं. भिंगातून वाचलं: ७२६०एचएमडब्ल्यू बीएन. त्या 'बीएन'वरच 'एसी' चढवलेलं. दुकानदाराने रॅमही बदलली असेल या धास्तीने ती आधीच तपासली होती; ती तेवढी ८ जीबीच होती.

पुढच्या शनिवारी परत गेलो. माणूस तसाच हसरा, चहासुद्धा मागवला. मी लेबलाचे दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "अंकल, आपने क्या बोला था? ७२६०. ये क्या है? ७२६०." यावर मला उत्तर सुचलं नाही. एकतीस वर्षं लोकांना उत्तरं सुचू नयेत असे प्रश्न विचारण्यात घालवलेला माणूस मी! लेबलाचं काढलं तर "माल पीछे से ऐसाच आता है". वायरीचं काढलं तर "आपके भांजे ने खोला ना? उसने तोड़ा होगा." बायोसच्या पाचशेंचं काढलं तर "वो तो सर्व्हिस था". जुनं कार्ड मागितलं तेव्हा त्याने शेव-फरसाणाचा प्लास्टिकचा डबा पुढे सरकवला. आत पन्नासेक कार्डं, धुळीत एकमेकांवर. "ढूँढ लो." त्यांतलं माझं कोणतं, मला कुठे ठाऊक? उघडायच्या आधी फोटो काढलाच नव्हता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी दुकानाचं नाव, बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा विचारला. पहिलं पाटीवर होतं, माझ्या कागदावर नव्हतं. दुसरं नव्हतं. तिसरं होतं, पण भलत्याच्या नावाने. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, हे मला माहीत आहे. पण तपासनीस म्हणून त्या चिटोऱ्याकडे बघितलं तर मीच तो नामंजूर केला असता. तिथे गेलो नाही.

भाच्याने त्याच रस्त्यावर दुसरं दुकान शोधलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळा रस्ता चोरांचा आहे असं मला म्हणायचं नाही. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी झाकण आमच्यासमोर उघडलं, कार्ड नुसतं खाचेत ठेवून मशिन चालू केलं, तो काळ्या खिडकीतला हुकूम स्वतःच टाइप केला आणि पडदा आमच्याकडे वळवला. ओळीत 'एसी' होतं. भाच्याने फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला, तोही पकडला. १,४५० रुपये, जीएसटीसकट. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, शेपटासकट, आणि सिरियल नंबर. काळ्या वायरीचं मात्र ते म्हणाले, अँटेना बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेली असते, बदलायची तर सगळी स्क्रीन खोलावी लागेल, एवढ्या जुन्या मशिनला हात लावू नका.

नाही लावला. एकाच वायरीवर आता ५ गिगाहर्ट्झला ४३३ दिसतात, १०० च्या कनेक्शनला भरपूर झाले. बिल फायलीत लावलंय. मागे टाचणीने तो एस्टिमेटचा चिटोरा आणि दोन्ही लेबलं जोडली आहेत.