बुजऱ्या घोडीसाठी वाईजवळचा एक तबेला

वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका खाजगी तबेल्यात, माणसाच्या हाताची सवय नसलेली घोडी माणसाळवून देण्याचे काम केले जाते. अकलूजच्या बाजारात घेतलेली आमची घोडी, जिला तोवर धड मोहरकीही (तोंडावर चढवायची दोरीची मुसकी) माहीत नव्हती, पावसाळा सरल्यावर आम्ही तिथे ठेवली. पुढे काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे तबेल्याचे नाव दिलेले नाही.

इथले चाबूकस्वार, म्हणजे घोडी शिकवणारे गृहस्थ, वयस्क आहेत आणि घाई त्यांच्या स्वभावात नाही. सुरुवातीला ते दोराला हातच लावत नाहीत. घोडीला गोल कुंपणात मोकळी सोडून ते तिच्या खांद्याच्या रोखाने तिरके चालत जातात आणि तिने मान वळवून पाहिले, किंवा पळण्याऐवजी ती नुसती उभी राहिली, की त्याच क्षणी पाठ फिरवून मागे येतात. पाहणाऱ्याला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटतो. परंतु उभे राहिल्याने माणसाचा दबाव हटतो, हे घोडीला कळते ते या माघारीतूनच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला भोवतालचे सुमारे 350 अंश दिसते, मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून समोरून थेट कपाळाकडे जाणारा हात, तो कितीही प्रेमाचा असला तरी, त्याच्या लेखी अचानक उगवलेला असतो. “डोळ्याला डोळा लावू नका, दादा. खांद्याकडं बघा अन् चालत ऱ्हावा,” एवढाच त्यांचा मला पहिला धडा होता.

पहिला स्पर्श त्यांनी केला तो आयाळ संपते तिथे, मान आणि पाठ यांच्या सांध्यावर. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा, आणि तिथे खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे अभ्यासातूनही दिसून आले आहे. आमच्या घोडीने मान खाली घातली, ओठ सैल सोडले आणि जीभ फिरवत चघळल्यासारखे केले. त्यानंतरच त्यांनी हात खाली पोटाकडे नेला. अंग घासण्याचा खरारा, दोर आणि मोहरकी या वस्तू याच क्रमाने, प्रत्येक वेळी आधी तिला हुंगू देऊन, पुढे आणल्या गेल्या. गूळ हातावर ठेवून भरवण्यास मात्र त्यांची सक्त मनाई आहे. गुळाने घोडी जवळ येते, पण खिशाला आणि बोटांना दात लावण्याची खोडही लागते, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते.

या सेवेतील सर्वांत मोलाची अट अशी की मालकाने स्वतः यावे. चाबूकस्वारापाशी शांत उभी राहणारी घोडी मालकापाशी तशीच राहील, असे गृहीत धरता येत नाही; एका माणसावर बसलेला विश्वास दुसऱ्याच्या नावे चढवता येत नाही. त्यामुळे मोहरकी घालण्याचा टप्पा येताच ते कुंपणाबाहेर जाऊन बसतात आणि आत मालकाला सोडतात. पूर्ण तयार घोडी घरपोच देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपेक्षा मला हे अधिक प्रामाणिक वाटते.

आता उणिवा. दिवसा उन्हातून पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये जाताना घोडे दारात अडतात, कारण उजेडातून अंधाराला सरावायला त्यांच्या डोळ्यांना माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. तरीही घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार त्यांना ओढून आत नेतात. पत्र्याचे एकच पान काढले तरी हा प्रश्न सुटेल. दुसरी बाब खुरांची. खूर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी तासावे लागतात हे खरे, पण मागचे पाय उचलू देण्याइतकी घोडी सरावण्याआधीच नालबंद बोलावला गेला आणि त्यानंतर तिचे मागचे पाय पुन्हा पहिल्यापासून हाताळावे लागले. एवढ्या संयमी माणसाच्या तबेल्यात ही घाई खटकते.

शुल्क महिन्यावर आहे. कडबा आणि भुसा यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, ते आधीच ठरवून घ्यावेत. लग्नसराईच्या वरातीसाठी किंवा पाचगणीच्या टेबल लँडवरील फेऱ्यांसाठी झटपट घोडी तयार हवी असलेल्यांनी इथे जाऊ नये. धनुर्वाताच्या लसीबद्दल तबेला स्वतःहून विचारत नाही. ती पशुवैद्यकाकडून आधीच टोचून घेऊन मगच घोडी पाठवावी.