कोबोटूलबॉक्स: फील्डवरचा डेटा येतो झटपट, पण इंडिकेटर आधी पक्के करा

महिनाअखेर आली की प्रोग्राम मॅनेजरचा निम्मा दिवस फोनाफोनीत जातो. "ताई, धडगावचे फॉर्म कुठवर आले?" ही फोनाफोनी कोबोटूलबॉक्स, म्हणजे मोबाईलवर फॉर्म भरून डेटा गोळा करायचं टूल, बरीच कमी करतं. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये हे टूल वाढलं, 2019 पासून ते स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे आहे. पाया ओडीके (ओपन डेटा किट) या खुल्या सॉफ्टवेअरचा. मोफत कम्युनिटी प्लॅनला दरमहा नोंदींची आणि साठवणीची मर्यादा आहे, पण दहा-पंधरा कार्यकर्त्यांच्या संस्थेला तो सहसा पुरतो. साठवण संपते ती फोटोंमुळे. फोटोच्या प्रश्नाला कमाल पिक्सेल 1024 ठेवा, कुपनाचा किंवा वजनकाट्याचा आकडा तेवढ्यातही वाचता येतो.

सगळ्यात मोठा फायदा ऑफलाइनचा. कोबोकलेक्ट अ‍ॅपमध्ये फॉर्म एकदा उतरवला की रेंज नसलेल्या पाड्यावर दिवसभर भरता येतो आणि संध्याकाळी रस्त्याला लागल्यावर पाठवता येतो. अ‍ॅप फक्त अ‍ॅन्ड्रॉइडवर आहे. पहिल्या दिवशी हमखास एक घोळ होतो: ग्लोबल सर्व्हरवर ब्राउझरमधला पत्ता 'केएफ'ने सुरू होतो, अ‍ॅपमध्ये मात्र 'केसी'चा टाकावा लागतो. लॉगिन का होत नाही म्हणून पासवर्ड बदलत बसण्याआधी एवढं बघा.

फॉर्म वेबसाइटवरही बनतो, पण तीसच्या वर प्रश्न असतील तर सरळ एक्सेलमध्ये लिहावा. सर्व्हे, चॉइसेस आणि सेटिंग्ज अशा तीन शीट. लेबल खुशाल मराठीत लिहा; प्रश्नाचं आतलं नाव मात्र रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मोबाईल नंबरसाठी इंटिजर (पूर्णांक) प्रकार घेऊ नका, त्यात 9 आकडेच बसतात. टेक्स्ट घ्या आणि 'दहा आकडे, सुरुवात 6 ते 9' अशी अट घाला.

अटींबद्दल जरा सविस्तर, कारण डेटा सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. उदाहरणार्थ दंडघेर, म्हणजे कुपोषण ओळखायला मोजतात तो मुलाच्या दंडाचा घेर. टेप मिलिमीटरची असेल तर 11.4 सेंटिमीटरच्या जागी 114 टाइप होतं. म्हणून 7 ते 22 च्या बाहेरचा आकडा फॉर्मने घेऊच नये, इथपर्यंत ठीक. पण काही जण त्याहून कडक अट घालतात, म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा फार फरक दिसला की फॉर्म पुढेच सरकत नाही. मूल रडतंय, आईला शेतावर जायचंय, फॉर्म अडलाय. अशा वेळी कार्यकर्ती फॉर्मला चालेल असा आकडा टाकते, आणि डॅशबोर्डवर सगळं आलबेल दिसतं. अशक्य आकडा अडवा. शंकास्पद आकड्याला फक्त 'पुन्हा मोजा' अशी सूचना दाखवा. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंडघेर 11.5 च्या खाली आला की तीव्र कुपोषणाची सूचना त्याच स्क्रीनवर यावी. ती त्याच दिवशी वाचली जाते, हे या टूलचं खरं सुख. कागदी फॉर्मची एंट्री होईपर्यंत मूल कुटुंबासोबत स्थलांतरावर निघून गेलेलं असतं.

आता डोकेदुखी. डोनरने वर्षाच्या मध्ये इंडिकेटर (कामाची प्रगती मोजायचा निकष) बदलला, की फॉर्म बदलून पुन्हा डिप्लॉय, म्हणजे वापरासाठी जारी, करावा लागतो. प्रश्नाचं लेबल बदललं तर काही बिघडत नाही. आतलं नाव बदललं की एक्स्पोर्टमध्ये नवा कॉलम तयार होतो आणि सहा महिन्यांचा डेटा दोन तुकड्यांत पडतो. काढून टाकलेले प्रश्नही हवे असतील तर एक्स्पोर्ट करताना सर्व आवृत्त्यांचा पर्याय निवडा. फोनवर फॉर्म आपोआप अपडेट होण्याची सेटिंग लावली नसेल, तर चार जणी जुनाच फॉर्म भरत राहतात. एक्स्पोर्टची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा चुथडा होतो, एक्सेल फाइलच उतरवा. कुटुंबातल्या प्रत्येक सदस्याची माहिती रिपीट ग्रुपमध्ये (तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या गटात) घेतली असेल, तर ती वेगळ्या शीटवर येते आणि इंडेक्सने, म्हणजे नोंदीच्या क्रमांकाने, जोडावी लागते. हे जोडायला येणारा माणूस संस्थेत नसेल तर रिपीट ग्रुपच्या वाटेला जाऊ नका.

एकाच मुलाचा महिनोन्‌महिने पाठपुरावा करायचा असेल तर हे टूल तोकडं पडतं. जुनी नोंद नव्या फॉर्ममध्ये ओढून आणता येते, पण एका मुलाचे तीन स्पेलिंग आणि तीन नोंदी झाल्या की ती जुळवाजुळव मॅनेजरच्या गळ्यात पडते. अशा कामाला कॉमकेअर किंवा अवनी ही टूल बघा. बेसलाइन आणि एंडलाइन (प्रकल्पाच्या सुरुवातीची आणि शेवटची पाहणी), प्रशिक्षणाची हजेरी, भेटींच्या नोंदी यांना कोबो उत्तम.

आधार क्रमांक गोळा करू नका. संमतीचा प्रश्न पहिला ठेवा आणि 'नाही' म्हटलं की फॉर्म तिथेच संपू द्या.

कार्यकर्ती काम सोडते तेव्हा फोन परत घेण्याआधी अ‍ॅपमध्ये दोन जागा तपासा: ड्राफ्ट आणि रेडी टू सेंड. अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं की न पाठवलेल्या नोंदी गेल्याच, सर्व्हरवर त्यांचा मागमूसही नसतो.