नाशिकमध्ये मिळणारा रेडीमेड श्रिंप सेट: घ्यावा का?

काचेची छोटी टाकी, स्पंज फिल्टर, एअर मोटर, एलईडी पट्टी, पिशवीभर रंगीत खडी, जावा मॉसचा झुपका, दहा लाल चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली शोभेची छोटी कोळंबी) आणि एक पिवळी ॲपल गोगलगाय. शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानांत थोड्याफार फरकाने हाच सेट ‘देखभाल काहीच नाही’ म्हणून गळ्यात मारला जातो. सामान घेण्यासारखं आहे. जीव मात्र त्याच दिवशी घरी आणू नका.

आधी सामान. १२×८×१० इंचांची टाकी काठोकाठ भरली तर पावणेसोळा लिटरची. खडी, फिल्टर आणि वरचा रिकामा इंच वजा करा, पाणी उरतं जेमतेम १२ लिटर. दहा श्रिंपना तेवढं पुरतं, पण इतक्या पाण्यात चूक पचत नाही. स्पंज फिल्टर ही सेटमधली सगळ्यात शहाणी वस्तू. नुकती जन्मलेली पिल्लं जेमतेम दोन मिलिमीटरची असतात. पॉवर फिल्टर त्यांना ओढून घेतो, स्पंज नाही. उलट स्पंजवर जमलेला थर ती चरतात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

मोटरसोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बहुतेक देत नाहीत. मोटर टाकीपेक्षा खाली ठेवली आणि वीज गेली, की नळीतून पाणी उलटं मोटरीत उतरतं. व्हॉल्व्ह मागून घ्या, नाहीतर मोटर पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. निळी-गुलाबी खडी परत करून साधी काळी रेती मागावी. रंग सुटण्याची भीती राहत नाही आणि काळ्यावर लाल श्रिंप उठून दिसतात.

आता घाईचं. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात विषारी अमोनिया तयार होतो; तो खाऊन आधी नायट्राइट (तेही विषारी) आणि मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. सोबतची ‘बॅक्टेरिया’ची बाटली ओतून ते रात्रीत तयार होत नाहीत. टाकी भरा, फिल्टर चालू करा, एक दिवसाआड माशांच्या खाद्याची चिमूट टाका आणि ४ ते ६ आठवडे थांबा. थंडीत थोडं जास्त. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत, असं टेस्ट किटवर दिसलं की जीव आणायचे. ‘उद्याच टाका, काही होत नाही’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून सामान घ्यावं, सल्ला नाही.

पाण्याबद्दल डब्यावर अक्षर नसतं आणि बहुतेक श्रिंप पाण्यापायीच जातात. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी चालतं, पण क्लोरीन काढून: अँटिक्लोर टाका किंवा पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊ लागलं की दोन्ही करा. बोअरचं पाणी आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येतं, बरेचदा जड असतं; टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने मोजल्याशिवाय वापरू नका. २०० ते ३०० पीपीएमच्या दरम्यान उत्तम. नुसतं आरओचं पाणी भरणं ही घरोघरची चूक. त्यात क्षार जवळपास नसतात, श्रिंपला नवं कवच धरता येत नाही आणि कात टाकताना मानेमागे पांढरी रेघ उमटून तो अडकतो. पाणी एकदम बदललं तरी तेच होतं, म्हणून आठवड्याला १० टक्केच बदला. आरओची जागा एकच: उन्हाळ्यात बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरून काढायला. वाफ जाते, क्षार मागे राहतात. तिथे नळाचं पाणी ओतत राहिलात तर टीडीएस चढत जातो.

तांब्याच्या कळशीतलं पाणी टाकीत नको, तांबं असलेली माशांची औषधंही नकोत. डासांचं लिक्विड किंवा स्प्रे तर त्याच खोलीत नकोच. त्यातली कीटकनाशकं किड्यांसाठी असतात आणि श्रिंपचं शरीर किड्याच्या जवळचं; मोटर ती हवा थेट पाण्यात सोडते. बाजारचा पालक घालायचा तर चोळून धुऊन, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून घाला आणि दोन तासांनी उरलेला काढा. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळून सुकलेलं पान धुऊन टाकलंत तर फुकटात महिनाभराचं चरणं होतं. कात मात्र काढू नका, ती श्रिंप स्वतःच खातात.

मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. पाणी ३० अंशांवर गेलं की झाकण काढून पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. दोनतीन अंश उतरतं. जानेवारीच्या रात्री श्रिंप सहसा मरत नाहीत, मंदावतात. पिल्लं हवी असतील तर २५ वॉटचा हीटर २४ अंशांवर लावा. मादी पोटाखाली २०-३० अंडी तीन-चार आठवडे बाळगते.

गोगलगाय बदलून मागा. ॲपल गोगलगाय या टाकीला फार मोठी, घाणही फार करते. पाण्याच्या वर, झाकणाखाली गुलाबी अंड्यांचा घोस दिसला तर तिचाच. नको असेल तर लगेच खरवडा. त्यापेक्षा नेराइट जातीची गोगलगाय बरी: काचेवरचं शेवाळ साफ करते, तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवते, पण ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत. कवच झिजायला लागलं तर काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेसाचा तुकडा टाका.

श्रिंप घ्यायला जाल तेव्हा दुकानदार जाळी फिरवून भराभर दहा काढू लागला तर थांबवा. आयुष्यच दीड-दोन वर्षांचं, त्यामुळे मोठे गडद लाल नकोत. सेंटीमीटरभराचे, सतत पायांनी काहीतरी वेचत असलेले निवडा. घरी आल्यावर पिशवी भांड्यात रिकामी करा, एअरच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन थेंबांनी टाकीचं पाणी सोडा. दीड-दोन तासांत पाणी तिप्पट झालं की जाळीने श्रिंप टाकीत सोडा आणि भांड्यातलं पाणी फेकून द्या.