यूएसएस मिडवे म्युझियम, सॅन डिएगो : बाबांना घेऊन गेलो, अख्खा दिवस कमी पडला

रेटिंग आधीच सांगतो, ५ पैकी ५. आता का ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडून आईवडील कॅलिफोर्नियात आले की त्यांना डिस्ने आणि हॉलिवूड दाखवून झालं की पुढे कुठे न्यायचं हा प्रश्न प्रत्येकाच्या घरात असतो, आणि माझ्या बाबांच्या अख्ख्या ट्रिपमध्ये त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ही बोट. बोट म्हणजे विमानवाहू नौका, खरीखुरी, १९४५ ते १९९२ अशी ४७ वर्षं अमेरिकन नेव्हीत चाललेली. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम आठवडा झाला आणि ती कमिशन झाली, म्हणजे नेव्हीत रुजू झाली, मग व्हिएतनाम, मग १९९१ चं आखाती युद्ध, मग रिटायर. २००४ पासून सॅन डिएगोच्या नेव्ही पिअरला, म्हणजे धक्क्याला, म्युझियम म्हणून उभी आहे.

बाबांची पार्श्वभूमी सांगायला हवी. ते मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये होते, अप्रेंटिस म्हणून लागले आणि बॉयलरच्या कामावरच रिटायर झाले. आपली जुनी विक्रांत, म्हणजे भारताची पहिली विमानवाहू नौका, १९७९ ते ८२ मोठ्या रिफिटला, म्हणजे दुरुस्तीला होती तेव्हा ते तिच्यावर कामाला होते. त्यामुळे लहानपणी आमच्या घरी विक्रांत हा विषय घरातल्या माणसासारखा निघायचा. मी स्वतः तिच्यावर शाळेत असताना गेलोय, ती म्युझियम झाल्यावर, नेव्ही वीकमध्ये, बाबांचा हात धरून.

तर मिडवे. लांबी साधारण ३०५ मीटर, विक्रांत होती २१३ मीटर. हा फरक आकड्यात कळत नाही, पिअरवर उभं राहून मान वर केली की कळतो. बाबा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "हिला ड्राय डॉकमध्ये घ्यायची म्हणजे डॉक केवढा लागत असेल रे." पनामा कालव्यातनं ही बोट जाऊ शकत नव्हती एवढी रुंद, आणि साडेचार हजार माणसं एका वेळी राहायची. म्हणजे आमच्या गावापेक्षा मोठी वस्ती समुद्रावर तरंगत होती.

तिकिटात ऑडिओ टूरचा हेडसेट मिळतो, नंबर दाबायचा आणि ऐकायचं. मराठी अर्थातच नाही, पण इंग्रजी अगदी सोपं आहे, बाबांना काही अडचण आली नाही. खरी मजा मात्र हेडसेटमध्ये नाहीये, तिथल्या व्हॉलंटिअर लोकांमध्ये आहे. बरेचसे रिटायर्ड नेव्हीवाले आजोबा, काही तर याच बोटीवर नोकरी केलेले, आणि विचारलं की इतक्या आपुलकीने सांगतात की आपणच निघायचं विसरतो.

खालच्या डेकवर माणसं कशी राहायची ते दाखवलंय, एकावर एक तीन बंक, प्रत्येकाला झोपायला आपल्या रेल्वेच्या साइड अप्परएवढी जागा. किचन, लाँड्री, दाताचा दवाखाना, पोस्ट, तुरुंगसुद्धा. हे सगळं छान आहे पण मी पटकन पुढे जातो कारण इंजिन रूमबद्दल लिहायचंय.

इंजिन रूममध्ये उतरलो आणि बाबा एकदम बदलले. वय ७२, गुडघे दुखतात, पण त्या शिडीवरून असे उतरले जसे काही रोजचं आहे, तोंड शिडीकडे, दोन्ही हात कठड्याला. खाली नुसते पाइप, व्हॉल्व्ह, गेजेस, टर्बाइन आणि तो अवाढव्य गिअर. मिडवेला १२ बॉयलर होते आणि प्रत्येक बॉयलर वेगळ्या कप्प्यात, म्हणजे एका ठिकाणी टॉर्पेडो लागून पाणी भरलं तरी बाकीचे चालू राहतील. आपल्या विक्रांतला चार. आणि १९७१ च्या युद्धाच्या आधी त्यातल्या एकाला तडे गेलेले, तरी बोट बंगालच्या उपसागरात नेली, तीन बॉयलरवर. स्पीड कमी झाला, आणि विमानवाहू नौकेचा स्पीड कमी होणं म्हणजे नुसतं उशिरा पोचणं नाही, डेकवरून विमान उडायला समोरून जोरात वारा लागतो आणि तो वारा बोटच स्वतः पळून तयार करते. तरीही ४ डिसेंबरला तिची सी हॉक लढाऊ विमानं उडाली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावला जाऊन बॉम्ब टाकून आली. बाबा तेव्हा नुकतेच लागलेले, पण डॉकयार्डमधले सीनियर लोक त्या बॉयलरची गोष्ट वर्षानुवर्षं सांगायचे.

तिथे ड्युटीवर एक आजोबा होते, सत्तरच्या दशकात ही बोट जपानमध्ये योकोसुकाला असायची तेव्हा खाली बॉयलरवर काम केलेले. बाबांनी डॉकयार्डचं इंग्लिश सुरू केलं, प्रेशर, गास्केट, लॅगिंग, ट्यूब, आणि मला भाषांतर करायची गरजच पडली नाही. मग बाबांनी हाताने खुणा करून विचारलं, स्टीम लीक कशी शोधायचे तुम्ही? हाय प्रेशरची स्टीम फुटली की दिसत नाही हो, वाफ म्हणून जे पांढरं दिसतं ते थंड झाल्यावरचं, फुटल्या जागी फक्त शिट्टीसारखा आवाज, आणि हात मध्ये गेला तर गेलाच. आजोबा हसले आणि हवेत काठी पुढे धरून चालल्याची ॲक्शन केली. झाडूचा दांडा! बाबा ओरडलेच, "सेम, सेम!" आमच्याकडेही खराट्याचा दांडा समोर धरून हळूहळू पुढे जायचं, दांडा कापला गेला की तिथे लीक. दोन देशांच्या दोन नेव्ही, मध्ये एवढा समुद्र, आणि दांडा तोच. दोघं वीस मिनिटं बोलत होते. माझ्या मोबाइलमध्ये दोघांचा एका मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकाशेजारी उभा फोटो आहे, तो बाबांनी घरी फ्रेम करून लावलाय.

मग वरती फ्लाइट डेक. तिकडे जायला लिफ्ट आहे, पायांचा त्रास असेल त्यांनी तीच घ्यावी. हँगर, म्हणजे डेकखालचा विमानं ठेवायचा हॉल, आणि वरचा डेक मिळून तीसेक विमानं आणि हेलिकॉप्टर आहेत, टॉमकॅट, फँटम, हॉर्नेट, सी किंग, आणि जवळ जाऊन नीट बघता येतात. कॅटापुल्टजवळ, म्हणजे विमान वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्राजवळ, एक माजी पायलट समजावून सांगत होते, ते बाकी काही सोडलं तरी चालेल पण ऐकाच. डेकच्या खाली लांबच लांब दोन सिलिंडर, त्यात पिस्टन, बॉयलरची वाफ सोडली की पिस्टन सुटतो आणि विमानाला ओढत नेतो, दोन-तीन सेकंदात विमान हवेत. आणि उतरताना उलटं, चाकं डेकला टेकली की पायलट ब्रेक मारत नाही, इंजिन फुल करतो, कारण विमानाला थांबवतो तो शेपटीचा हुक, आणि तो डेकवरच्या आडव्या वायरमध्ये अडकला नाही तर परत उडायची तयारी हवी. हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. आपल्या जुन्या विक्रांतलाही वाफेचा कॅटापुल्ट होता बरं का, नंतर सी हॅरिअर ही लढाऊ विमानं आली तेव्हा तो जाऊन पुढे उतारासारखा स्की जंप आला. आत्ताच्या विक्रांतलाही स्की जंपच आहे.

याच डेकवरची १९७५ सालची एक गोष्ट आहे, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव शत्रूच्या हाती पडत होती तेव्हाची. दक्षिण व्हिएतनामचा एक मेजर, बुआंग ली, दोन सीटच्या छोट्या विमानात बायको आणि पाच मुलांना कोंबून समुद्रावर आला आणि मिडवेवर घिरट्या घालायला लागला. डेक हेलिकॉप्टरनी भरलेला. त्याने वरून चिठ्ठ्या टाकल्या, आधीच्या समुद्रात पडल्या, शेवटी एक डेकवर आली की जागा करा, पोरंबाळं आहेत. कॅप्टन लॅरी चेंबर्स यांनी लाखो डॉलर्सची हेलिकॉप्टर समुद्रात ढकलायला लावली, कोर्ट मार्शल होईल हे गृहीत धरून. विमानाला हुक नाही, काही नाही, तरी उतरलं आणि सगळे वाचले. मी ज्या जागी उभा होतो तिथेच हे झालं हा विचार करून अंगावर काटा आला.

डेकच्या कडेवरून समोर खाडीपलीकडे नॉर्थ आयलंडचा नेव्हल बेस दिसतो, तिथे चालू नेव्हीतली विमानवाहू नौका उभी असते, आम्ही गेलो तेव्हा होती. बाबा मात्र तिच्याकडे बघत विक्रांतबद्दल बोलत होते. १९९७ ला रिटायर झाली, २०१२ पर्यंत म्युझियम होती, मग पैसे नाहीत, जागा नाही, दुरुस्ती परवडत नाही असं होत होत लिलाव, आणि २०१४ मध्ये मुंबईतच दारूखान्याला, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, भंगारात. ते तोडकाम चालू होतं तेव्हा बाबा त्या बाजूला फिरकलेही नाहीत. तिच्या लोखंडापासून नंतर बाइकची टाकी बनवली, आमच्या बिल्डिंगमध्ये एकाकडे ती बाइक आहे, बाबा जाता येता टाकीवर हात ठेवतात. विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही तेच, २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं म्युझियम करायचं राज्य सरकारने मंजूर केलेलं, ८५२ कोटींचा प्लॅन, आणि शेवटी गुजरातेत अलंगच्या जहाज तोडायच्या यार्डात तुटली. बाबा रागावून नाही बोलत, पण एवढंच म्हणाले की ह्या अमेरिकनांनी मिडवेला वीस वर्षं रंगवून ठेवली, आपल्याला का नाही जमलं. मला उत्तर देता आलं नाही.

जाणाऱ्यांसाठी, सकाळी १० ला उघडते तेव्हाच पोचा, ५ ला बंद, शेवटची एंट्री ४ ला. ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या वरच्या खोलीत, जायची वेगळी रांग असते, ती सकाळीच उरकून टाका, आणि तिथल्या शिड्या अरुंद आणि खड्या आहेत, साडी किंवा चपला घालून जाऊ नका. कुठल्या टूर बसबरोबर येऊ नका, माझी मावशी तशी आली तेव्हा त्यांनी एक तास दिलेला, तिचा फक्त हँगर बघून झाला. कमीत कमी चार तास ठेवा, घरात कोणी नेव्हीत किंवा डॉकयार्डमध्ये असेल तर पूर्ण दिवस.

डिसेंबरमध्ये मी घरी जातोय तेव्हा गोव्याला बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम करायचं ठरलंय. विक्रांतवर असायचं ते अलिझे विमान तिथे आहे, बाबांना ते आईला दाखवायचंय.